खोली अकराचा गुरुवार

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि पास्टरेट कमिटीचे सेक्रेटरी आदरणीय मिलिंद बोरुडे सर, व्यासपीठावर बसलेले पाळकसाहेब रेव्हरंड विनीत भिंगारदिवे, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या सत्कारमूर्ती मायाबाई उजागरे, महिला मंडळाच्या भगिनी, तरुण संघ, गायन मंडळ, रविवार शाळेचे शिक्षक, आणि मागे चहाच्या पातेल्याजवळ उभे राहून ऐकणारे बंधू. सर्वांना सलाम. आणि माझ्या घरच्या रीतीने जय भीम.

माझं नाव राजस कासारे. बऱ्याच जणांना प्रश्न पडला असेल की हा कोण. तुमच्या मंडळीच्या वहीत माझं नाव नाही. माझ्या घरातल्या कोणाचंच नाही, आम्ही बौद्ध. तरी मायाबाईंच्या निरोपाला मला दोन शब्द बोलायला उभं केलंय, त्यामागे एक चूक आहे. आणि ती तुमच्या घरभेट गटाने केलेली आहे. ती सांगितल्याशिवाय मी आभार मानले तर ते अर्धेच राहतील.

अध्यक्षांनी पाच मिनिटं दिलीत. मी आठवीपर्यंत शाळेत होतो, तेव्हासुद्धा पाच मिनिटं मला एका जागी बसवत नव्हतं. पुढे उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापले, बदलापूरला एमआयडीसीत ड्रम धुतले, शहाडला एका गॅरेजवर राहिलो. कुठेच वर्ष भरलं नाही. आता तीन वर्षं ओमानला आहे, सोहार नावाच्या गावी. परांची बांधतो. म्हणजे मोठ्या टाक्यांना, चिमण्यांना बाहेरून पाइपांचा सांगाडा उभा करायचा, ज्याच्यावर दुसरे कामगार चढतात. हे एकच काम टिकलं, कारण त्यात रोज जागा बदलते.

मी गेलो आणि आजी एकटी राहिली. माझी आजी बनूबाई, ती बघा, तिसऱ्या रांगेत, निळ्या साडीत. आईबाप गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आता राहते इथे अंबरनाथ पश्चिमेलाच, पाण्याच्या टाकीमागे, खोली नंबर अकरा.

आता चूक ऐका. दोन वर्षांपूर्वी नगरच्या एका मंडळीतून इथे पत्र आलं की आमच्या एक वयस्कर बाई अंबरनाथला मुलाकडे आल्यात, त्यांची विचारपूस करा. पत्ता होता खोली नंबर अकरा, टाकीमागे. पत्र पोचेपर्यंत त्या बाई मुलाबरोबर बदलापूरला गेल्या होत्या आणि ती खोली आम्ही भाड्याने घेतली होती. मायाबाई आणि किर्तीताई पाटोळे गुरुवारी साडेचार वाजता आल्या, दार वाजवलं आणि म्हणाल्या, "आजी, कशा आहात?" आजी म्हणाली, "बरी आहे, या." झालं. आपल्याकडे म्हातारीला नाव कोण विचारतो? आजी म्हटलं की काम भागतं.

तुम्ही म्हणाल, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला नाही का? दिसला. मायाबाई म्हणतात, आमच्यातही कितीतरी घरांत असतो. फ्रीजवर बुद्धाची मूर्ती होती. किर्तीताईला वाटलं शोपीस आहे, हल्ली सगळेच ठेवतात. आणि आजीला वाटलं, या नगरपालिकेच्या बाया असतील. मग त्यांनी गाणं म्हटलं. नगरपालिका गाणं म्हणत नाही, एवढं आजीला कळतं. मग तू बोलली का नाहीस, मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "अरे, पहिल्या दिवशी राहून गेलं. दुसऱ्या गुरुवारी मी चहा टाकून ठेवला होता. मग आता काय सांगायचं?"

असे चार महिने गेले. पाचव्या महिन्यात पाळकसाहेब स्वतः प्रभुभोजनाचा प्याला घेऊन आले. प्रार्थनेत घ्यायला त्यांनी नाव विचारलं. आजीने हात जोडले. "साहेब, नाव बनूबाई कासारे. पण हे तुमचं आहे, हे मी घेणार नाही. चहा घेईन."

पाळकसाहेब हसतायत. त्या दिवशी हसले नव्हते म्हणे.

कमिटीत विषय निघाला. बाई आपल्या नाहीत, तर पुढे जायचं कशाला? आणि बाहेर कोणी वेगळा अर्थ काढला तर? हा प्रश्न काही खोटा नव्हता, दिवस तसेच आहेत. मायाबाईंनी कमिटीला एकच विचारलं, "गुरुवारी ती तीन कप चहा टाकते. बाकीचे दोन कोणी प्यायचे?" आणि त्या येतच राहिल्या. मात्र त्यांनी आजीला विचारलं की तुम्हाला आमचं गाणं नको असेल तर नुसतं बसू. आजी म्हणाली, "गाणं असू द्या, जरा खालच्या पट्टीत म्हणा."

हे सगळं मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मला शेजारच्या कमलेशचा फोन आला, "भाई, तेरी आजीकडे चर्चवाल्या येतात, बघ जरा." माझं डोकं फिरलं. आम्ही कोण आहोत, कुठून बाहेर पडलो, ते आजोबांनी मला जेवतानाही ऐकवलं होतं. मी नंबर मिळवला आणि मायाबाईंना फोन लावला. काय बोललो ते या हॉलमध्ये सांगता येणार नाही. शेवटी म्हणालो, "आम्ही बौद्ध आहोत, माहिती आहे का तुम्हाला?"

त्या म्हणाल्या, "माहिती आहे, बाळा. चार महिने उशिरा कळलं. झालं का तुझं बोलून? मग एक सांग. आजीकडे प्रेशरच्या गोळ्यांची दोन पाकिटं आहेत. सकाळची कुठली, रात्रीची कुठली?"

मला माहिती नव्हतं. मी तिचा नातू. मला हे माहिती नव्हतं की तिला प्रेशर आहे.

मी फोन ठेवला. माफी मागितली नाही, उलट तीन आठवडे राग धरून बसलो. मग एका गुरुवारी मुद्दाम साडेचारला आजीला फोन लावला, ती बोलण्यात गुंतली की दार उघडणार नाही म्हणून. दार वाजलं. आजी म्हणाली, "थांब रे," आणि फोन कॉटवर ठेवून विसरली. मी तिकडे कॅम्पमध्ये आडवा पडून सगळं ऐकलं. मला वाटलं, आता बघू काय शिकवतात. पाऊण तासात काय ऐकलं? गॅसची टाकी येत नाही त्याची तक्रार. गोळ्यांच्या पाकिटावर मायाबाईंनी सूर्य आणि चंद्र काढून दिले होते, ते बरोबर चाललंय का. मग नेलकटरचा आवाज. किर्तीताई आजीच्या पायाची नखं कापत होती आणि आजी ओरडत होती, "हळू ग, नख काप, बोट नको." शेवटी एक गाणं. खालच्या पट्टीत.

मायाबाई, ती माफी दीड वर्ष राहिली आहे. आज सगळ्यांसमोर मागतो. मी चुकलो.

आता ज्याच्यासाठी मी हा कागद लिहून आणला ते. मायाबाई बावीस वर्षांनी लेकीकडे संगमनेरला चालल्या, गुडघे ऐकत नाहीत. पूर्वी या गटात नऊ जणी होत्या, आता दोघीच. बाहेर नोटीस लागली आहे की निरोपानंतर घरभेट गट तूर्त बंद. का बंद? कारण मायाबाईंनी एक नियम कधी मोडला नाही. कोणाच्या घरी एकटीने जायचं नाही, जोडीनेच. एकीने बसून ऐकायचं आणि दुसरीने पाणी आणायच्या निमित्ताने आत जाऊन बघायचं, डब्यात पीठ आहे का. आमच्या कामातही एकट्याला वर चढू देत नाहीत, म्हणून मला हे लगेच पटलं. पण किर्तीताई एकटी उरली. यादीत चौदा घरं आहेत.

मी सुट्टीवर आलो त्याच आठवड्यात किर्तीताई आजीला सांगायला आली की आता गुरुवार नाही. आजी म्हणाली, "जोडी म्हणजे दोघीच ना?"

"हो."

"मग मी काय मेले का?"

"आजी, तुम्ही ज्यांच्याकडे जायचं त्यांच्या यादीत आहात. जाणाऱ्यांच्या नाही."

"मग यादी बदल. पेन नाही का तुझ्याकडे?"

किर्तीताईने पाळकसाहेबांना विचारलं. बाई मंडळीच्या नाहीत, त्या मंडळीच्या वतीने जाऊ शकतात का? ते म्हणाले, कमिटीला विचारावं लागेल. कमिटीची सभा उद्या, रविवारी. बरोबर आहे, रीत ती रीत.

पण गुरुवार त्याच्या आधी येतो. अध्यक्ष महाराज, परवा गुरुवारी आजी किर्तीताईच्या जोडीला गेली. किर्तीताई नको म्हणत होती, तिला दोष देऊ नका. पिशवी मी धरली होती.

गेलो बाळाजीमामा ओहोळांकडे. ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर, डावी बाजू गेलेली, सून दिवसभर कामावर. बायको गेल्यापासून हो आणि नाही यापलीकडे बोलत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. किर्तीताई पुस्तक उघडून वाचायला लागली. मामा भिंतीकडे बघत होते. आजी आत गेली आणि आतूनच तिचा आवाज आला, "पिठाला जाळी लागली आहे. या घरात कोणी बघतं की नाही?"

मामा म्हणाले, "चाळून घ्या."

किर्तीताई वाचायची थांबली. आजीला काय माहिती काय झालं ते. ती म्हणाली, "चाळून घ्या म्हणे. चाळण कुठे आहे?"

"वरच्या फळीवर. भांड्यांच्या मागे. आणि ती गव्हाची चाळण आहे, बारीक तिच्या खाली आहे."

मग अर्धा तास दोघं भांडले. पीठ चाळावं की टाकावं. निघताना मामांनी विचारलं, "पुढच्या गुरुवारी येणार का?" आजी म्हणाली, "तुमची कमिटी काय म्हणते बघू." मामा म्हणाले, "कमिटीत मी अकरा वर्षं होतो. त्यांना सांगा, बाळाजीने बोलावलंय."

सांगितलं. निरोप पोचवणं माझं काम होतं.

अध्यक्षांचे, पाळकसाहेबांचे, महिला मंडळाचे आणि आज इतका चांगला चहा करणाऱ्यांचे मी आभार मानतो. मायाबाई, तुमचे आभार मला या कागदावर लिहिता आले नाहीत, तुम्ही संगमनेरला पोचलात की फोनवर मानेन, या वेळी नीट बोलेन. परवानगीआधी आजीला घेऊन गेलो, ते पोटात घाला. पाच मिनिटांची पंधरा केली, तेही.

बुधवारी माझं विमान आहे. गुरुवारी इथे साडेचार वाजतील तेव्हा तिकडे तीन वाजलेले असतात. मी आजीला फोन लावणार आहे. तिने उचलला नाही तर कमिटीने काय ठरवलं ते मला कळेल.

सलाम. जय भीम.