डाव्या बाजूची थाप

आमी मूळचे वैरागचे. वडील, त्यांना आमी आण्णा म्हणतो, ते ट्रक चालवायचे आणि मी शाळा सोडून त्यांचाच क्लीनर झालो. क्लीनरचं काम काय, तर डावी बाजू सांभाळायची. खिडकीतनं बाहेर वाकून बघायचं, आडवं कोण आलं की दाराच्या पत्र्यावर एक थाप, आण्णा ब्रेक मारणार. दोन थापा, चला पुढं. ते डावीकडं मान वळवायचेच न्हाईत. म्हणायचे, माझा क्लीनर हाय की.

पुढं ट्रक विकला, सोलापुरात घर केलं, जुनी चारचाकी घेतली. आण्णांनी पंचाहत्तरी ओलांडली, डावा डोळा जवळजवळ गेला, पण गाडीचा नाद सुटला न्हाय. आणि काय सांगू तुमाला, मी शेजारी बसलो की माझा हात आपोआप दारावर पडायचा. रिक्षा आली, थाप. सायकल आली, थाप. उतरल्यावर आण्णा चारचौघांत मिशीवर हात फिरवायचे, बघा, गाडीला साधा ओरखडा न्हाय, तुमच्या पोरांना जमतंय का? लोक म्हणायचे, वाघ हाय म्हातारा. मीपण हसायचो. त्यांना डावीकडचं दिसत न्हाय हे मला म्हाईत होतं, एकदासुदीक बोललो न्हाय. वाईट वाटंल म्हणून, आणि खरं सांगायचं तर बापाचा तो रुबाब मलाच लई आवडायचा.

मागच्या उन्हाळ्यात मी कामावर असताना ते एकटेच गाडी काढून अक्कलकोट रोडला गेले. रस्त्याच्या कडंनं आमच्या वळखीची हिराबाई शेळ्या घेऊन चाललेली, डाव्याच बाजूला. गाडीची धडक बसली, मांडीचं हाड मोडलं तिचं. दवाखान्यात कॉटवरनं विचारते, आण्णा, एवढी मोठी बाई तुमाला दिसली न्हाय व्हय? तर आण्णा माझ्याकडं बघून म्हणतात, थाप कुटं पडली? तिला काय कळलं न्हाय. मला कळलं.

आता ती काठी टेकत चालते, शेळ्या विकाव्या लागल्या तिला. मी भेटायला गेलो की चहा देते. घरी आण्णा रोज किल्ली मागतात. शेवटी एकदा तोंडावर सांगितलं, आण्णा, तुमाला डावीकडचं दिसत न्हाय, लई वर्षं झाली. म्हणाले, तू शेजारी असताना बरं दिसत होतं. गल्लीत सांगत फिरतात, पोरगं उलटलं, बापाला घरात बसवलं. ऐकून घेतो. त्यांना मोप आयुष्य मिळू दे, हितं, दारातल्या खुर्चीवर. किल्ली मात्र न्हाय मिळायची.