शटरच्या आधीचा अर्धा तास

...आणि वर मलाच विचारतात, "ताई, अर्ध्या तासाचं काय एवढं?" अहो, काय एवढं? रोजचा अर्धा तास! तुम्हाला सांगते, मी भांडखोर नाही हो. फर्निचरच्या दुकानात तक्रारींच्या काउंटरवर बसते, दिवसभर लोकांची भांडणं ऐकते, स्वतःचं भांडण कधी करू? पण दुकान दहाला उघडणार, आम्ही साडेनऊला येऊन सोफे पुसायचे, दिवे लावायचे, आणि पगार कधीपासून? तर शटर वर गेल्यापासून! मग त्याआधी काय मी तिथे फिरायला येते? तान्ह्या लेकीला झोपेतून उचलून, पाळणाघरात रडती ठेवून?

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, नोकरी जाईल." जाऊच देत होते हो... पण मालक म्हणाले, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." झालं! फुकट राबायला मला घरचं कुटुंब आहे की! केला कामगार कार्यालयात अर्ज.

आधी समेट. समेट अधिकाऱ्यांचा आवाज असा मऊ, की लेक ऐकताऐकता झोपली असती. "बोला, तुमचं म्हणणं काय?" समोर मालक, कपाळाला आठ्या. मी तोंड उघडलं आणि... सवय हो, मेली सवय! मीच म्हणाले, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. दहा टक्के सूट देऊ का?" माझ्याच थकलेल्या पगारावर! मालक लगेच, "वीस करा!" वीस? मी भांडखोर नाही हो, पण घासाघीस? माझ्याशी? उठलेच. समेट फिसकटला.

मग न्यायाधिकरण. खांद्यावर लेकीच्या दुधाचा डाग, तो नेमका तिथेच दिसला. मालकांचे वकील म्हणतात, "शटर बंद असताना काम झालंच कसं?" मी म्हटलं, "साहेब, स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असलं, की आत जेवण आपोआप शिजतं का?" न्यायाधीशबाई हसल्या. खरंच हसल्या! आणि निकाल? बोलावलं त्या मिनिटापासून पगार, मागच्या सगळ्या थकबाकीसकट!

तशीच धावत पाळणाघरात. मावशींना निकाल वाचून दाखवला, अगदी ठासून, दोनदा. मावशींनी मला मिठीच मारली. "डोळे उघडलेस गं बाई माझे! तुझ्यापायी मीसुद्धा रोज अर्धा तास आधी दार उघडतेय की!" आणि हिशेब पुढे केला. मागचा. सगळा.

मी पर्स उघडली. करणार काय? निकालपत्र माझ्याच हातात होतं.