चारशे बारा ओळी बदलल्या

...आणि वर सूनबाई मलाच म्हणते, "सोप्पं आहे हो, बाबा!" अहो, सोप्पं कुणाला? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी दातांच्या दवाखान्यात खिडकीत बसतोय, नाव विचारायचं, कार्ड काढायचं, आत पाठवायचं... कधी एकाची दाढ दुसऱ्याच्या नावावर गेली? नाही! आणि कार्डं कशी लावलेली? ओरडणारे वरच्या खणात, न ओरडणारे खालच्या, आणि जे नुसती खुर्ची बघून "आलोच हं" म्हणत पळतात, त्यांचा डबाच वेगळा. पण मोठे डॉक्टर घरी बसले, त्यांची डॉक्टर लेक आली, आणि आल्या आल्या म्हणते कशी, "काका, कार्डं बंद. सगळं कॉम्प्युटरवर, डेटाबेसमध्ये. महिन्याभरात शिकून घ्या, नाहीतर..." आणि थांबली! त्या 'नाहीतर'च्या पुढचं मला न सांगताच कळलं. खिडकी गेली तर मी दिवसभर करू काय?

मग शिकवणार कोण? सूनबाई. ती कॉम्प्युटरच्या नोकरीतलीच. "बाबा, आडव्या ओळीत माणूस, उभ्या रकान्यात त्याची माहिती. सोप्पं आहे हो!" मी माझे खण सांगितले, तर म्हणे, "ओरडणं हा खण नाही बाबा, रकाना!" घ्या! शिवाय प्रत्येकाला एक नंबर, दुसऱ्या कुणाला कध्धी न मिळणारा. का? नाव चालत नाही? तर नाही, एकाच नावाची दोन माणसं असतात. अगं असतात, पण त्यातला एक ओरडतो ना! आणि म्हणे, एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवायची नाही. मी हळूच म्हटलं, "हे तुझ्या सासूबाईंना सांग. एकच गोष्ट मला चारदा ऐकवतात." तर आतून आवाज, "पाचव्यांदा ऐकवते, भाजी आणा!" त्या दिवशीची शिकवणी तिथेच आटोपली.

पण शिकलो हो! दोन बोटांनी चारशे बारा कार्डं आत घातली. डॉक्टरबाई खूश, जुनी कार्डं रद्दीत. आणि त्याच दुपारी, तुम्हाला सांगतो, माझ्या सासूबाईंचा फोननंबर बदलला. त्याही आमच्याच पेशंट, कवळी आमचीच. म्हटलं, एवढंसं काम! आता सूनबाईंनी शंभरदा बजावलेलं, "हुकूम देताना अट घालायची बाबा, नंबर कुणाचा बदलायचा ते. अट राहिली तर सगळ्यांचाच बदलतो." मी म्हटलं, विसरतोय कशाला?

विसरलो!

मशीन म्हणालं, 'चारशे बारा ओळी बदलल्या.' मला वाटलं, वा, एका सासूबाईंसाठी किती राबतंय बिचारं! आणि चार वाजता ते आपलं आपण उद्याच्या पेशंटांना आठवणीचे निरोप पाठवतं...

सव्वाचारला फोन. "जावईबापू, माझ्या तोंडात स्वतःचा एक दात नाही, आणि उद्या तुम्ही माझ्या अकरा दाढा काढताय? सहा भरताय? आणि हे काय, 'बाळाला घाबरवू नका'? कुठल्या बाळाला?"

सूनबाईंना फोन लावला. "बाबा, बॅकअप घेतलाय ना? सोप्पं आहे हो, रोज एक प्रत बाजूला काढून..." कसली प्रत! मला समोर रिकामी खिडकी दिसायला लागली. रडू येत होतं, खरं सांगतो. मग काय करणार, कागद ओढला आणि लिहायला बसलो. मिशीवाले वकील... त्यांचा नंबर हा. जुळ्यांची आई... हा. शिंप्याची बायको, फार ओरडते... हा. सात वाजेपर्यंत तीनशे सत्त्याण्णव! उरले पंधरा, ते पळणारे. त्यांनी खरे नंबर दिलेच कधी होते?

डॉक्टरबाई मागे उभी. "काका, हे सगळं पाठ?"

"तीस वर्षं मीच फोन लावतोय, बाई."

तिने कागद उचलून वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाली, "खिडकी तुमचीच, काका." डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या!

गेल्या आठवड्यात म्हटलं, बहिणीकडे जाऊन येतो, चार दिवसांची रजा द्या. तर हसून म्हणते, "रजा? काका, तुम्ही आमचा बॅकअप. बॅकअप कुठे गावाला जातो का?" म्हणजे बघा... न शिकण्याने नोकरी जाणार होती, शिकलो तर रजा गेली!