सुईच्या पाच फुल्या

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या बोटदुरुस्ती कारखान्याचे व्यवस्थापक, व्यासपीठावर बसलेले फेरीबोट संस्थेचे सचिव, फोरमनसाहेब, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते मामा, त्यांच्या शेजारी बसलेल्या मामी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी,

निरोपाच्या समारंभात बोलायला मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. कारण उघड आहे. मी इथली तपासनीस. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या कामात खोट शोधते आहे. अशा बाईच्या हातात माईक दिला तर ती सत्कारमूर्तींनाही उलटून पालटून बघेल, ही भीती रास्तच म्हणायची. आमचे हे म्हणतात, "तू नवा कपसुद्धा उजेडात धरून बघतेस." बघते. मागच्या खेपेला तडा निघाला होता.

म्हणून फोरमनसाहेब जेव्हा म्हणाले, "मामांवर तुम्ही बोला," तेव्हा मला पहिला प्रश्न पडला, मीच का? ते म्हणाले, "मामांचं काम तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलंय?" आणि हसले. त्या हसण्याचा अर्थ मी चार दिवस लावते आहे.

फोरमनसाहेब मामांचे सख्खे भाचे. ते मामा म्हणायचे, म्हणून सगळा कारखाना मामा म्हणू लागला. मीही म्हणू लागले. पण मनात वेगळंच चाललं होतं. काम करणारा मामा, आणि काम झालं असं लिहून देणारा भाचा. इथे नजर ठेवायला हवी, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवलं.

सचिवसाहेबांच्या घरची मंडळी आज आली आहेत. त्यांच्यासाठी मामांचं काम थोडक्यात सांगते. फायबरच्या बोटीवर बाहेरून एक रंगीत थर असतो, नखाहून थोडा जाड. ऊन आणि खारं पाणी खाऊन तो खडूसारखा होतो. हात फिरवला की तळव्याला पांढरं लागतं. मग तो विटलेला भाग पॉलिश पेपरने घासून काढायचा, मशीनने चमक आणायची, वर मेण चढवायचं. बोट नव्यासारखी दिसते. मात्र दर वेळी घासलं की थर थोडा कमी होतो, आणि तो परत उगवत नाही. आपल्या कारखान्याचं नाव या चकाकीवर आहे. आणि मी अशी, की बोट जास्त चकाकली की मला वाटतं, हिच्या पोटात काहीतरी लपवलंय.

सहा वर्षांपूर्वी संस्थेची मोठी फेरीबोट पॉलिशला आली. मामांनी तिची बाजू ओल्या फडक्याने पुसली, तिरप्या उजेडात मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं, आणि मला म्हणाले, "मॅडम, हिला आता घासायची नाही. थर संपत आलाय. नुसतं मेण लावू, हाताने, दर दोन महिन्यांनी."

"आणि चमक?"

"येईल तेवढी येईल."

"तेवढी म्हणजे किती?"

"हिच्या वयाला शोभेल तेवढी."

आजूबाजूची माणसं हसली. ती बोटीवर हसली की माझ्यावर, हे मला कळलं नाही. मी धरून चालले, माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी होती. मी पर्समधली सुई काढली आणि बोटीच्या डाव्या बाजूवर पाच फुल्या ओढल्या. केसाएवढ्या रेघा, सहज नजरेला न दिसणाऱ्या. घासलं तर फुल्या जातील, नुसतं मेण लावलं तर राहतील. चार दिवसांनी फोरमनसाहेबांचा कागद आला, "पॉलिश पूर्ण." मी भिंग घेऊन गेले. पाचही फुल्या जागच्या जागी होत्या.

तुम्ही म्हणाल, मामांनी घासणार नाही असं तोंडावर सांगितलं होतं, मग कामचोरी कसली? मलाही ते आठवत होतं. पण आधीच सांगून टाकणं, हाच मला त्यांचा डाव वाटला. संशय एकदा मनात बसला की माणसाचा खरेपणासुद्धा पुरावा म्हणून त्याच्याच विरुद्ध वापरता येतो. मी तो वापरला. वर लिहून कळवलं, कामचुकारपणा आहे आणि घरचं माणूस त्यावर पांघरूण घालतंय.

मामांच्या हातातलं मशीन काढून घेतलं गेलं. चौदा महिने ते बोटींच्या तळाचे शिंपले खरवडत होते. तेव्हा त्यांचं वय बावन्न.

मशीनवर नवा कारागीर आला. तो आज समोर बसला आहे. बाळा, तू मान खाली घालू नकोस, यात तुझा दोष नाही. मी त्याला त्या पाच जागा बोटाने दाखवल्या आणि सांगितलं, "या खुणा दिसता कामा नयेत." तो म्हणाला, "मॅडम, बघालच तुम्ही." त्याने त्या जागांवर मशीन दाबून धरलं. बोट आरशासारखी झाली. सचिवसाहेबांनी तिच्यात बघून भांग नीट केला होता. आठवतंय ना, साहेब? मी समाधानाने सही केली.

पुढच्या हंगामाआधी बोट वर ओढली. डाव्या बाजूला फोड आले होते. थर जिथे पार घासला गेला, तिथून पाणी आत फायबरमध्ये मुरलं होतं. फोड किती, ते मला मोजावं लागलं नाही. कुठे असणार, हेही मला ठाऊक होतं. मी बोटीच्या त्या बाजूला जायच्या आधीच मला ठाऊक होतं.

ती बोट अख्खा हंगाम जमिनीवर राहिली. पलीकडच्या काठावरच्या माणसांनी चार महिने रस्त्याने वळसा घातला. आणि मी अहवालात लिहिलं, "जुना दोष. पूर्वीच्या पॉलिशकामातील हलगर्जीपणा." म्हणजे मामांचा.

अहवाल लिहिण्याआधी एक गोष्ट घडली. मामा खरवडणी हातात घेऊन तिथे आले. त्यांनी त्या फोडांवरून तळवा फिरवला, सावकाश, एकेका जागी थांबत. मग मला विचारलं, "पाचच ओढल्या होत्या ना, मॅडम?"

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मेण लावताना बोटांना रेघा लागल्या होत्या.

मंडळी, कबूल करते, त्या क्षणी मला लाज वाटली नाही. मला वाटलं, हा माणूस आता काय मागणार? माणसं कमी पडली म्हणून मशीन त्यांच्याकडे परत गेलं, तेव्हा वाटलं, आता बोलतील. पुढची चार वर्षं मी वाट पाहिली. ते गोड बोलले की मला धडकी भरायची. बोलले नाहीत की जास्तच. एकदा त्यांनी घरच्या झाडाची लिंबं माझ्या टेबलावर आणून ठेवली. आठवडाभर ती तशीच राहिली आणि सुकली. मी एकही कापलं नाही.

परवा, सोमवारी, मीच त्यांना गाठलं. म्हटलं, "मामा, तुम्ही कुणाला काही सांगितलं का नाही?"

ते म्हणाले, "कुणाला सांगू? फोरमन माझा भाचा. मी तोंड उघडलं असतं तर लोक म्हणाले असते, दोघं मिळून बाईंवर ढकलतायत. त्याची नोकरी गेली असती."

"मग मला तरी सुनवायचं."

"तुम्हाला माहीत होतंच की."



आता आजचं. थोड्या वेळापूर्वी अध्यक्षांनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यापासून कारखान्यात पॉलिशकामाचा वर्ग सुरू होतो आहे. शिकवणाऱ्यांच्या यादीत मामांचं नाव होतं. ते वगळलं गेलं, कारण त्यांच्या फाइलमध्ये हलगर्जीपणाचा शेरा आहे. अध्यक्ष नियमाने वागले. मामांना हे काम हवं होतं. मामी मघाशी दारात म्हणाल्या, "घरी बसले तर हे दरवाजाच्या कड्या घासून संपवतील." त्या हसून म्हणाल्या, पण त्यांचा हात मामांच्या बाहीवर होता. घासायचं कसं हे कुणीही शिकवेल. कधी थांबायचं, हे या छताखाली एकाच माणसाला कळतं, आणि त्याच्या फाइलमधला तो शेरा माझ्या अक्षरात आहे.

अध्यक्षमहाराज, हा कागद मी आपल्यासमोर ठेवते. यात पाच फुल्या, त्यांच्या जागा, माझी सुई आणि माझी सही आहे. शेरा मी मागे घेते आहे. माझं काय करायचं ते आपण ठरवा. वर्गाचं मात्र आज, ही माणसं घरी जायच्या आधी ठरवावं, अशी विनंती आहे. उद्यावर टाकलेल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.

मामा, तुमच्याकडे मी माफी मागत नाही. तुम्ही ती लगेच देऊन टाकाल, आणि ती मनापासून दिली की सभेत बसला होतात म्हणून, हे मी उद्यापासून तपासत बसेन. त्यापेक्षा वर्गाच्या पहिल्या दिवशी मुलांना या बोटीची गोष्ट सांगा. ओळखता येणार नाही असं "एक तपासनीस" म्हणू नका. माझं नाव घ्या.

मला बोलायला दिलंत, आणि कुणी मध्येच माईक बंद केला नाही, याबद्दल संयोजकांचे, अध्यक्षांचे आणि मागे इतका वेळ उभे राहिलेल्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला काही लागलं असेल, मान राखण्यात कमीजास्त झालं असेल, तर ते सगळं पोटात घाला.

ही एक गोष्ट सोडून. ही घालू नका.