फांदीचा ब्रेक

त्या सकाळी आप्पांनी नेहमीसारखी सायकल पुसली. मी दारात वाचत बसले होते. माझे वडील, जंगलखात्यातले गार्ड सत्याप्पा, रानात निघाले, एवढंच. दुपारी त्यांचं हृदय थांबलं.

महिन्यानं खानापूर स्टँडवर, रांगेत माझ्यापुढं दोघी बोलत होत्या.

"सायकल कुठं शिकलीस गं अंबू?"

"जांबोटीच्या रानात. गार्ड सत्याप्पांनी शिकिवली."

"त्या उतारावर? ब्रेक तरी लागत्यात व्हय?"

"मागं पानांची फांदी बांधायची. ती घासत येती, मग सायकल पळत न्हाय."

"पडलीस?"

"लई डाव. हसत उचलायचे."

"त्यांची लेक हाय की. तिला न्हाय शिकिवली?"

"तिला पुस्तकंच आवडत्यात म्हणायचे. सायकलचं नावबी काढत न्हाय."

"मला शिकायची होती," मी मोठ्यानं म्हणाले. दोघी वळल्या. "मलाही पडायचं होतं, आप्पा."