सुमंतचं जांभूळ

विजयमाला : हे बुंध्यातलं भोक आपसूक पडलं म्हणतोस? खरं बोल, इमाम.

इमाम : आपसूक कवा म्हणालो, वैनी? पाडलंय कुणीतरी. गिरमिटानं, चांगलं बोटभर आत. वरनं माती लिंपलीया.

विजयमाला : आन गिरमिट कुणाकडं आसतंय?

इमाम : सोसायटीच्या शेडात.

विजयमाला : शेडाची किल्ली तुज्याकडं. तळं तुज्या राखणीत, बांध तुज्या राखणीत. आन माज्या सुमंतचं झाड उभ्याउभ्या वाळतंय, ते तुला दिसत न्हाई? चार वर्सांचं जांभूळ. यंदा पयल्यांदा मोहरलं हुतं. आठ दिसांत पानं करपली.

इमाम : दिसतंय की.

विजयमाला : नुसतं दिसतंय! मिटिंगीत कोण म्हणालं, बांधावरची झाडं काढा म्हणून?

इमाम : मीच म्हणालो. ते रिटायर इंजिनेरसाहेब बघून गेले, तेबी तेच म्हणाले. तळं फौजी सोसायटीच्या मालकीचं, तवा बांध फुटला तर दुसऱ्या कुणाकडं बोट दावता येणार न्हाई. मातीचा बांध हाय. झाडांची मुळं आत शिरली की पाणी त्यांच्या मागनं वाट काढतंय. अकराच्या अकरा झाडं पावसाच्या आदी काढा म्हणाले. मी बी सगळ्यांच्या तोंडावर बोललो. तोंडावर बोलणारा चोरून गिरमिट कशाला घेईल?

विजयमाला : बोलून जमलं न्हाई म्हणून. तुजं घर बांधाच्या खाली. तुला ह्या झाडाची आडचण हाय.

इमाम : हाय. न्हाई कशाला म्हणू? पर ह्या झाडाचा खड्डा मीच खणलाय, वैनी. त्या साली साथीपायी माहुलीच्या घाटावर जाऊ देत न्हवते. सुमंतची रक्षा तुमी कळशीत घेऊन बसला हुता, सोसायटीतलं एक दार उघडंना. खड्डा मी खणला, रक्षा तुमी घातली, रोप तुमच्या साहेबांनी धरलं. इसरलो न्हाई मी.

विजयमाला : मग सांग कुणी केलं ते.

इमाम : मला काय ठावं?

विजयमाला : खाली बघून बोलू नगंस. सरक, ती माती उकरू दे मला. ह्यो कसला वास रं?

इमाम : ऱ्हाऊ द्या, वैनी.

विजयमाला : हिंग हाय ह्यो! भोक पाडायचं, हिंग भरायचा, वरनं लिंपायचं, की झाड मुळापासनं वाळतंय. माज्या माहेरी, आटपाडीकडं, भाऊबंदकीत एकमेकांची झाडं आशीच मारत्यात. तुज्या बायकोच्या, जरिनाच्या डब्यातनं आणलास व्हय?

इमाम : आमच्यात हिंग कोण खातंय? जरिना डाळीला लसूण घालती. घर हुडका माजं. हिंगाची डबी घावली तर उद्यापासनं कामावर येत न्हाई.

विजयमाला : मग कुणाच्या घरातनं आला?

इमाम : ऊन चढाय लागलंय. घरी जावा तुमी.

विजयमाला : थांब. परवा लोणचं घालाय बसले तर डबी मोकळी. आणून म्हैनाबी झाला न्हवता. ह्यास्नी इचारलं तर म्हणाले, संपला आसंल. माज्याकडं न बघता म्हणाले. इमाम, शेडाची दुसरी किल्ली कुणाकडं आसती?

इमाम : मला नका इचारू.

विजयमाला : कुणाकडं?

इमाम : सेक्रेटरींकडं.

(विजयमालाचे यजमान, सुभेदार लालासाहेब, बांधावरून येतात. दोघांना झाडापाशी बघून थबकतात.)

विजयमाला : या, सेक्रेटरीसाहेब. लोणच्याचा हिंग घावला.

लालासाहेब : अगं, घरी चल. घरी बोलू.

विजयमाला : घरात आठ दिस बोलला न्हाईत. हितंच बोला. पोराच्या झाडाला इख घातलं तुमी?

लालासाहेब : घातलं.

विजयमाला : का?

लालासाहेब : मिटिंगमध्ये सगळ्यांचं एकच. आधी सेक्रेटरीचं झाड काढा, मग आमच्या झाडांना हात लावा. बरोबर आहे त्यांचं. तुझं बघूनच सगळ्यांनी आपापल्या गेलेल्या माणसांची झाडं इथं लावली. ऑर्डर काढायची तर पहिली आपल्यावर. पण तुझ्यासमोर कुऱ्हाड कशी धरू? अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, एवढं डेरिंग नाही झालं. वाटलं, आपोआप गेलं असं समजशील.

विजयमाला : एक आपोआप गेलेलं सोसलं, तवा दुसरंबी सोसंल, आसंच ना?

लालासाहेब : चुकलं माझं.

विजयमाला : आन मी ह्या इमामवर डूख धरून बसले. काल जरिनानं च्या दिला तर नगं म्हणून माघारी फिरले. तुमी शेजारीच हुता. तुमाला दिसलं न्हाई?

लालासाहेब : दिसलं.

विजयमाला : तरी गप ऱ्हायला. लाज वाटती मला तुमची.

इमाम : साहेब, रागाऊ नका, पर काम झालं न्हाई, उलटं बिघडलं. जितं मूळ माती धरून तरी आसतं. मेलेलं कुजतं आन मागं पोकळ नळी ऱ्हाती. पाणी त्यातनं सरळ खाली. आता मुळासकट काढल्याबिगर गत्यंतर न्हाई.

विजयमाला : आता कळलं! आदी वाळवायचं, मग वाळलंय म्हणून उपटायचं. ठरवून केलंय दोघांनी.

इमाम : ठरवलं आसतं तर हिंग घालू दिला आसता का? या, खाली उतरा. जपून. हितं हात लावा.

विजयमाला : वलं हाय.

इमाम : वैशाख चाललाय, वैनी. पल्याड तळ्यात निम्मंबी पाणी न्हाई, तरी वल हितवर आली. आन ती माजी मागली भिंत. लेक रुक्सार बाळंतपणाला आलीया. पोरगी एकवीस दिसांची हाय. त्या भिंतीकडंच झोळी बांधलीया.

विजयमाला : ही वल कवापासनं हाय?

इमाम : चार दिसांमागं दिसली. साहेबांना दावली.

विजयमाला : मला का न्हाई दावलीस?

इमाम : कसं दावू? माज्या नातीसाठी तुमच्या पोराला उकरा म्हणायचं.

लालासाहेब : बुंध्याभोवती चार-चार फूट खणावं लागेल. मग काळी माती आणून थराथरानं चोपायची. खालची माती, म्हणजे सुमंतची, ती आपण माहुलीला नेऊ. आता घाटावर कुणी अडवत नाही.

विजयमाला : चार वर्सं पोरगं हितं ऱ्हायलं. आता कुटं हाकलता त्येला?

लालासाहेब : मग काय करायचं?

विजयमाला : खड्डा भराय माती लागंलच की. त्येची बी त्यातच घाला.

इमाम : घालतो. तळाच्या थराला, काळ्या मातीत कालवून.

लालासाहेब : अगं, धुम्मस पडणार त्यावर. वीस किलोचं लोखंड. तुला बघवणार नाही.

विजयमाला : बघंन मी. इमाम, उद्या सकाळीच माणसं आण. आन त्यास्नी सांगून ठेव, वैनी हुबी हाय म्हणून हात आखडायचा न्हाई. घट्ट चोपा म्हणावं.