सॅटेलाइटचा रेडिओ

भगवंतरावांच्या रागिणीचं लग्न ठरलं, ते २००८ साल. डिसेंबरात पत्रिका वाटून परतताना ते अकोल्याच्या स्टँडवर अंजनगावच्या गाडीची वाट पाहत होते. शेजारी गावातल्याच, अंथरुणाला खिळलेल्या देवमन इंगळ्यांची लेकरं, संध्या आणि ललित, खोकं घेऊन बसली होती.

“घरी एक रेडिओ हाय ना रे ललित?”

“ताई, त्याच्यावर राग रंगात आला का बातम्या लागतेत. बाबाले राग अर्धे ठाव हायेत अन् सरकीचे भाव पुरे.”

“अन् हा?”

“हा सॅटेलाइटचा. दिवसभर गाणं, मधात खरखर नाई. तानपुरा कसा शेजारी वाजल्यावानी वाटते.”

“मंग बाबाच्या खाटेजवळ ठेव.”

“छताखाली चालत नाई. त्याले मोकळं आभाय पायजे.”

“म्हणजे खाट आंगणात? डॉक्टर म्हणे, हलवू नका!”

“बाबा म्हणते, काढा. एक तरी राग पुरा आयकू द्या.”

“अन् काई झालं तं?”

“मले काय इचारतं? मीबी तोच इचार करून राहिलो.”

“गाडी काऊन येत नाई रे?”

“बस ना ताई. किती येरझारा घालशीन?”

देवमन इंगळे त्याच महिन्याच्या अकरा तारखेला, दुपारी, अंगणात खाटेवर वारले.